मूळ प्रतीचे दैवतीकरण आणि गॅरेजमधील पाठभेद

साहित्याच्या विभागांतून आज जे काही निःशंकपणे शिकवले जाते त्यात एक सिद्धान्त असा आहे की, संहिता लेखकाच्या हातून सुटली की ती वाचकाची होते. रोलां बार्थने 'लेखकाचा मृत्यू' जाहीर केला त्याला, १९६७ पासून मोजले तर, अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. वाचक हा सहनिर्माता असतो, संहिता मुक्त असते, अर्थ स्थिर नसतो ही वाक्ये आमचे विद्यार्थी परीक्षेत सराईतपणे लिहितात आणि आम्हीही तितक्याच सराईतपणे त्यांना गुण देतो. मात्र हा सिद्धान्त कोणी खरोखरच हातात पाना घेऊन अमलात आणला, एखादी निर्मिती विकत घेतली, उघडली, समजून घेतली आणि तिच्यात आपल्या बुद्धीने फेरफार केला, की याच विभागांतील मंडळींच्या कपाळावर आठ्या पडतात. जपानी टर्बो स्पोर्ट्स गाड्या घेऊन त्यांत बदल करणाऱ्यांविषयी आमच्या वर्तुळात जे बोलले जाते ते 'श्रीमंतांची टवाळकी', 'सायलेन्सर काढून गावभर बोंब' याच्या पुढे जात नाही. या तुच्छतेमागे अज्ञान आहे, आणि ते अज्ञान आपल्याच विषयाच्या गाभ्याविषयीचे आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आमच्यापैकी कोणीही अशी गाडी चालवलेली नाही हे आधीच सांगून टाकतो. कुरुक्षेत्रावरही आम्ही कोणी गेलो नव्हतो. महाभारत तरीही शिकवतो.

उदाहरण म्हणून एकच गाडी नीट पाहू. निसानची स्कायलाइन जीटी-आर, आर-३२ या संकेतनामाची, १९८९ साली जपानमध्ये आली. तिचे इंजिन आरबी२६डीईटीटी. एका ओळीत सहा सिलिंडर, दोन टर्बो, क्षमता २५६८ घनसेंटिमीटर. हा आकडा असा विचित्र का? २५०० का नाही, ३००० का नाही? त्याचे उत्तर अभियंत्यांच्या लहरीत नसून त्या काळच्या 'ग्रुप ए' शर्यतींच्या नियमावलीत आहे. त्या नियमांनुसार टर्बो असलेल्या इंजिनाच्या क्षमतेला १.७ ने गुणत आणि येणाऱ्या गुणाकारावरून गाडीचा वर्ग, तिचे किमान वजन आणि टायरची कमाल रुंदी ठरे. २५६८ ला १.७ ने गुणले की ४३६६ च्या आसपास आकडा येतो, म्हणजे साडेचार लिटरच्या वर्गाच्या आत. म्हणजे ज्याला आज लोक 'मूळ' म्हणून हात जोडतात तो आकडाच मुळी दुसऱ्या एका संहितेशी घासाघीस करून आलेला आहे. पुढे १९९० मध्ये, शर्यतीच्या मान्यतेसाठी पाचशे गाड्या हव्यात म्हणून, निसानने स्वतःच या गाडीची 'निस्मो' आवृत्ती काढली. तीत टर्बोच्या सिरॅमिक टर्बाइनच्या जागी धातूची टर्बाइन आली, मागचा वायपर गेला, एबीएस ब्रेक गेले. म्हणजे पहिले वर्ष सरताच दुसरी, सुधारलेली आवृत्ती. आणि सुधारक खुद्द प्रकाशक! १९९० ते १९९३ या चार मोसमांत जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतील एकोणतीसपैकी एकोणतीस शर्यती या गाडीने जिंकल्या. ऑस्ट्रेलियात १९९१ आणि १९९२ साली बाथर्स्टची हजार किलोमीटरची शर्यत तिने जिंकली तेव्हा प्रेक्षकांनी, निदान दुसऱ्या वर्षी, विजेत्यांची हुर्यो उडवली. तेथील एका नियतकालिकाने तिला 'गॉडझिला' हे नाव दिले ते याच काळातले.

शर्यतीत धावणाऱ्या या गाडीचे इंजिन साडेपाचशे-सहाशे अश्वशक्तीच्या घरात पोचत असे. दुकानात विकल्या जाणाऱ्या गाडीच्या पत्रकावर मात्र छापलेले असे : २८० अश्वशक्ती. लोखंडी ठोकळा तोच, मांडणी तीच. हे २८० म्हणजे काय प्रकरण आहे ते साहित्याच्या माणसाने अवश्य समजून घ्यावे, कारण स्वेच्छेने पाळलेल्या सेन्सॉरशिपचा इतका स्वच्छ नमुना शोधून सापडणार नाही. १९८९ पासून २००४ पर्यंत जपानच्या सर्व कारखानदारांनी आपसांत एक अलिखित करार पाळला की, कोणीही आपल्या गाडीची शक्ती २८० पेक्षा अधिक जाहीर करायची नाही. कारण रस्ते-अपघातांविषयीची ओरड आणि सरकारी कायद्याची भीती. लक्षात घ्यावे, करार 'जाहीर करण्याचा' होता. आर-३२ आली, २८०. १९९५ ची आर-३३ आली, २८०. १९९९ ची आर-३४ आली, तीही २८०. दहा वर्षे अभियंते राबत होते आणि पत्रकावरचा आकडा ढिम्म हलत नव्हता. चाके रोलरवर फिरवून शक्ती मोजणारे डायनो नावाचे यंत्र ज्यांच्यापाशी होते त्यांना खरा आकडा याहून मोठा आहे हे ठाऊक होते. कारखान्यालाही ठाऊक होते. बहुधा सरकारलाही ठाऊक होते. टोयोटाच्या सुप्राची (जेझेडए८०, १९९३) गोष्ट तर आणखी बोलकी आहे. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या सुप्राचे २जेझेड इंजिन २८० चे. त्याचीच अमेरिकेत गेलेली आवृत्ती, टर्बाइन धातूची आणि इंजेक्टर मोठे करून, ३२० ची. एकाच ग्रंथाच्या देशागणिक दोन प्रती, आणि घरच्या प्रतीतली काही पाने चिकटवून टाकलेली.

आता या चिकटवलेल्या पानांशी गॅरेजमधला माणूस काय करतो ते पाहा. आर-३२ मध्ये टर्बोचा दाब, म्हणजे बूस्ट, ताब्यात ठेवणाऱ्या रबरी नळीच्या आत कारखान्याने बारीक छिद्राचा एक इवलासा तुकडा बसवलेला असे. तो काढला की बूस्ट वाढतो. बस्स, एवढेच. हे काम दहा मिनिटांचे. पण तो तुकडा तिथे आहे आणि तो *का* आहे हे ज्याने प्रथम ओळखले त्याने केलेले काम कोणत्या जातीचे आहे? छापील प्रतीत एक ओळ गाळलेली आहे हे हस्तलिखिताच्या रचनेवरून ओळखणाऱ्या संपादकाचे आणि त्याचे काम वेगळे कसे, हे आम्हाला कोणी समजावून सांगावे.

आणि पुढचे काम तर वाचनाचेच आहे, रूपकाने नव्हे, शब्दशः. या पिढीतल्या गाड्यांचे इंजिन एक छोटा संगणक चालवतो. त्याच्या स्मृतीत तक्ते असतात. निसानच्या त्या काळच्या संगणकांत सोळा ओळी आणि सोळा रकाने असे. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला त्यावर पडणारा भार, आणि प्रत्येक घरात एक संख्या : इतक्या फेऱ्यांना, इतक्या भाराला, इतके पेट्रोल. ठिणगी नेमकी केव्हा पडावी याचा तक्ता वेगळा. कारखान्याने हे तक्ते कोणासाठी छापलेले नव्हते. कोणती संख्या कोठे आहे आणि कशाची आहे याची किल्ली दिलेली नव्हती. चिपमधून बाहेर पडत ती नुसती संख्यांची रांग. योकोसुकाच्या 'माइन्स' सारख्या दुकानांनी ही रांग उलगडली, तिच्यात तक्ते ओळखले आणि नवे तक्ते लिहून नव्या चिपा बसवल्या. महानुभावांच्या पोथ्या शतकानुशतके सकळ लिपीत बंद होत्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांनी ती लिपी उकलली, तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पहिली प्रकरणे नव्याने लिहावी लागली. त्या कर्तृत्वाचा गौरव करताना आम्ही थकत नाही. लिपी उकलणारा धोतर नेसणारा असावा आणि त्याच्या हाताला ग्रीस लागलेले नसावे, अशी काही अट आहे काय?

चुकीच्या पाठाची शिक्षा मात्र येथे फार कडक आहे. बूस्ट वाढवला, म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबली, आणि त्या प्रमाणात पेट्रोल वाढवले नाही, तर मिश्रण पातळ होते, आतला दाब आणि उष्णता वाढून ते भलत्याच वेळी आणि भलत्याच प्रकारे पेटते. यालाच नॉकिंग म्हणतात. ते थोडा वेळ चालू राहिले तर पिस्टनचा माथा वितळतो. सोळा गुणिले सोळा घरांतले एक घर चुकले आणि नेमके त्याच घरात गाडी बराच वेळ धावली, तर इंजिन संपले. आमच्या क्षेत्रात एखाद्या कवितेचा वाटेल तो अर्थ लावणारे वीस वर्षे सुखाने पदोन्नत होत राहतात. असो.

येथे हरकत घेतली जाईल की हे सारे वेगाच्या हव्यासापोटी चालते, यात चिकित्सा कसली? ज्यांना असे वाटते त्यांनी आरबी२६ च्या तेलपंपाची हकीकत ऐकावी. सुरुवातीच्या आर-३२ गाड्यांत क्रँकशाफ्टचा जो भाग तेलपंप फिरवतो तो फार अरुंद होता. उच्च फेऱ्यांवर पंपाची पकड नीट राहत नसे, पंप फुटे आणि मागोमाग इंजिन. शिवाय फेरे चढले की तेल इंजिनाच्या डोक्यात साठून राही आणि खालचे भांडे रिकामे पडे. हे दोष कोणत्याही पत्रकात लिहिलेले नव्हते. ते फुटलेल्या इंजिनांच्या शवचिकित्सेतून ट्यूनरांना कळले. त्यांनी रुंद कडी बसवली, पंप बदलला, तेलाच्या वाटा अरुंद केल्या, भांडे मोठे केले. कारखान्यानेही पुढच्या क्रँकशाफ्टमध्ये तो भाग रुंद केला. आज कोणीही जाणता माणूस जुनी आर-३२ घेऊन इंजिन उघडतो तेव्हा हे बदल आधी करतो. ते आता त्या इंजिनाच्या परंपरेचा भाग झाले आहेत, जसा एखादा दुरुस्त पाठ शेवटी सर्वमान्य होतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांनी मूळ ग्रंथाचा अनादर केला असे आजवर कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

प्रत्येक दुरुस्ती निखळ लाभाची असते असा मात्र आमचा दावा नाही, आणि ट्यूनरांचाही नाही. माझ्दाची आरएक्स-७ (एफडी३एस, १९९१ ते २००२) हे त्याचे उत्तम उदाहरण. तिचे रोटरी इंजिन आकाराने चिमुकले, ६५४ घनसेंटिमीटरच्या दोन कोठड्यांचे. त्याला दोन टर्बो दिले ते एकामागून एक कामाला लागणारे : कमी फेऱ्यांना एकटा पहिला, पुढे साडेचार हजारांच्या सुमारास दुसरा त्याला येऊन मिळे. टर्बोचा सनातन दोष असा की धुराच्या झोताने टर्बाइनने वेग घेईपर्यंत पाय दाबूनही गाडी हलत नाही. तो दोष झाकण्याची ही युक्ती. पण या हस्तांतरासाठी कारखान्याने झडपा आणि निर्वात-नळ्यांचे असे काही जाळे विणले की बॉनेट उघडणाऱ्याने ते पाहूनच परत मिटावे. रोटरी इंजिनाची उष्णता भयंकर. रबरी नळ्या कडक होत, तडकत, आणि मग दुसरा टर्बो कधी येई, कधी न येई. अनेकांनी हे सारे जाळे उपटून एकच मोठा टर्बो बसवला. गाडी सोपी झाली, शक्ती वाढली, बिघाड कमी झाला; पण खालच्या फेऱ्यांवरची ती तत्पर हालचाल गेली. यातली कोणती गाडी 'खरी' आरएक्स-७? यावर जपानमध्ये, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात लोक तीस वर्षे वाद घालत आहेत आणि दोन्ही पक्षांकडे वजनदार पुरावे आहेत. आमच्या चर्चासत्रांत इतक्या बारकाईने वाद होताना आम्ही फार क्वचित पाहिला.

हे सारे फावल्या वेळातले उद्योग होते असेही कोणी समजू नये. फुजी पर्वताच्या पायथ्याशी हिरोयुकी हासेगावा या अभियंत्याने १९७३ मध्ये एचकेएस ही कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी प्रवासी गाडीला बाहेरून बसवता येईल असा टर्बोचा संच तयार केला. जपानी कारखान्यातून टर्बो लावलेली पहिली गाडी, निसानची सेड्रिक, बाहेर पडली ती १९७९ च्या अखेरीस. म्हणजे टीका आधी आली आणि ग्रंथ पाच वर्षांनी! १९८१ मध्ये दाइजिरो इनादा यांनी 'ऑप्शन' हे या विषयाला वाहिलेले मासिक सुरू केले, १९८३ मध्ये आज तोक्यो ऑटो सलोन म्हणून ओळखले जाणारे प्रदर्शन सुरू झाले. १९९५ मध्ये परिवहन मंत्रालयाने नियम शिथिल करीपर्यंत अनेक साधे बदलही 'शाकेन' नावाच्या सक्तीच्या तपासणीत अडकत. ज्या प्रदर्शनाकडे कारखानदार एके काळी पाहत नसत तेथे आता ते स्वतःच दालने थाटतात.

शब्दांच्या अभ्यासकांसाठी एक गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे. आपल्याकडे व्यवस्थापनाच्या कार्यशाळांतून 'कायझेन' या जपानी शब्दाची आरती ओवाळली जाते. महाविद्यालयांच्या गुणवत्ता-समित्यांतही तो ऐकून आमचे कान किटले आहेत. गाडीतील फेरफारासाठी जपानीत जो शब्द आहे तो 'कायझो', म्हणजे फेररचना. दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर एकच, 'बदल' या अर्थाचे. मात्र कायझेन म्हणजे मालकाच्या कारखान्यात, मालकाच्या परवानगीने, मालकाच्या फायद्यासाठी सुचवलेली सुधारणा. आणि कायझो म्हणजे विकत घेतलेल्या वस्तूवर, कोणालाही न विचारता, आपल्या हिंमतीवर केलेली. पहिल्या शब्दाला आपण व्यासपीठ दिले, दुसऱ्याला पोलीस चौकी. गंमत म्हणजे जपानी साहित्याच्या इतिहासात 'कायझो' हे नाव फार प्रतिष्ठित आहे. १९१९ ते १९५५ या काळात निघणाऱ्या याच नावाच्या मासिकात शिगा नाओयाची दीर्घ कादंबरी क्रमशः आली, आकुतागावाची 'काप्पा' १९२७ मध्ये आली, आणि याच मासिकाच्या प्रकाशकांच्या निमंत्रणावरून १९२२ मध्ये आइनस्टाइन जपानला गेले.

या विषयाने स्वतःचे साहित्यही निर्माण केले आहे. मिचिहारू कुसुनोकी यांची 'वान्गान मिडनाइट' ही चित्रकादंबरी १९९० ते २००८ अशी अठरा वर्षे चालली. भंगारात पडलेली एक जुनी निळी फेअरलेडी झेड उच्च माध्यमिक शाळेतल्या एका मुलाला सापडते. तिचे इंजिन ३.१ लिटरपर्यंत वाढवलेले, दोन टर्बो लावलेले, सहाशे अश्वशक्तीचे. ज्या मालकाचा या गाडीत मृत्यू झाला त्याचे नाव आणि या मुलाचे नाव एकच आहे. आणि गाडी ज्याने घडवली तो किताामी जुन आता सायकलींचे दुकान चालवतो. कारखान्याचे नाव बॉनेटवर आहे, पण कथेतला कोणीही त्या गाडीचा कर्ता म्हणून निसानकडे बोट दाखवत नाही, कर्ता किताामी. वाचक मरण पावला आहे आणि त्याच नावाचा दुसरा वाचक आला आहे. लेखक जिवंत आहे आणि पंक्चर काढतो आहे. बार्थला उलटा टांगणारी अशी रचना आम्हाला तरी दुसरीकडे भेटलेली नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थिनीने या मालिकेवर, 'कर्ता' या संकल्पनेच्या अंगाने, प्रबंधाचा आराखडा एका विद्यापीठात सादर केला. समितीने तो "हा गॅरेजचा विषय आहे" एवढ्या शेऱ्यावर परत केला. त्याच बैठकीत एका दिवंगत कवीच्या 'निसर्गविषयक जाणिवा' हा विषय, आमच्या हिशेबाने चौथ्यांदा, संमत झाला. ती मुलगी आज एका खासगी कंपनीत आहे आणि संशोधन सोडून दिले आहे. या लेखातील चीड जर कोठे जास्त झाली असेल तर तिचे कारण हे आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, कारण फेरफाराचे शत्रू केवळ आमच्या विभागांत नाहीत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या गाड्यांच्या संग्राहकांमध्ये 'अस्पर्श' प्रतीचे वेड पसरले आहे. परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाली की अमेरिकेत तिला आयातीच्या सुरक्षा-नियमांतून सूट मिळते. त्यामुळे २०१४ पासून आर-३२ आणि २०२४ पासून आर-३४ यांची तिकडे आयात खुली झाली आणि भाव आकाशाला भिडले. आता जाहिरातीत अभिमानाने लिहितात : एकही स्क्रू बदललेला नाही. अशा गाड्या वातानुकूलित खोलीत ठेवतात, चालवत नाहीत. न वाचलेल्या पहिल्या आवृत्तीचा, पाने न फाडलेल्या प्रतीचा जो बाजार असतो तोच हा. पण या बाजाराचे देव पाहा कोण आहेत. २००५ च्या सुमारास निस्मोने 'झेड-ट्यून' नावाच्या सुमारे वीस आर-३४ केल्या : वापरलेल्या गाड्या परत घेऊन, सोडवून, इंजिन २.८ लिटर करून, ५०० अश्वशक्तीच्या. सर्वांत पूजनीय आर-३४ ही अशी जुन्या गाडीतून फेरफार करून घडवलेली आहे! 'द फास्ट अँड द फ्युरियस' या २००१ च्या चित्रपटातली नारिंगी सुप्रा २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलरला गेली आणि त्याच मालिकेतली आर-३४ २०२३ मध्ये साडेतेरा लाखांहून अधिक डॉलरला. दोन्ही गाड्या नखशिखांत बदललेल्या. म्हणजे बाजाराला फेरफार चालतो. फक्त तो झालेला, संपलेला, काचेमागचा हवा. तुम्ही-आम्ही उद्या करू तो नको.

फेरफाराच्या नावाखाली चालणारी सगळीच कामे आम्ही डोक्यावर घेत नाही. भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली ती मुख्यतः काय काढून टाकायचे हे ठरवण्यातून. प्रक्षेप कोणता आणि पाठ कोणता याचा विवेक नसेल तर संपादन आणि विद्रूपीकरण यांत फरक उरत नाही. इंजिनात काडीचाही बदल नसताना मागे चौरंगाएवढा पंख लावणे, स्प्रिंगा कापून गाडी जमिनीला टेकवणे, हे प्रक्षेप आहेत, आणि गचाळ प्रक्षेप आहेत. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे हा तर शेजाऱ्याच्या फुप्फुसावर केलेला फेरफार आहे, त्याला आमचा पाठिंबा नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणाऱ्यांना तुरुंगातच टाकावे. चांगला ट्यूनर काय क्रमाने काम करतो हे पाहिले तर हा विवेक दिसतो : शक्ती वाढवण्याआधी तो ब्रेक पाहतो, तेल आणि पाणी थंड ठेवण्याची सोय पाहतो, क्लच पाहतो. चारशे अश्वशक्तीची गाडी दोनशे ऐंशीच्या ब्रेकवर सोडणारा माणूस ट्यूनर नव्हे.

खरा प्रश्न पुढचा आहे आणि तो आपल्या सगळ्यांचा आहे. २००७ मध्ये निसानने नवी जीटी-आर आणली, आर-३५. तिचे प्रत्येक इंजिन एकेका 'ताकुमी' कारागिराने हाताने जुळवलेले आणि त्यावर त्याच्या नावाची पट्टी. लेखकाची सहीच म्हणा. आणि तिचा संगणक मात्र कुलूपबंद. जपानी आवृत्तीत ताशी १८० किलोमीटरची मर्यादा घातलेली होती. उपग्रहाच्या साहाय्याने गाडीला कळे की आपण मान्यताप्राप्त शर्यतमार्गावर आलो आहोत, आणि तेव्हाच ही मर्यादा उठवता येई. जे पुस्तक ठरावीक वाचनालयाच्या ठरावीक दालनात नेले तरच शेवटची प्रकरणे उघडते, त्या पुस्तकाला आपण काय म्हटले असते? ते कुलूपही ट्यूनरांनी उघडले. ऑगस्ट २०२५ मध्ये शेवटची आर-३५ कारखान्यातून बाहेर पडली, पण कुलूप आता सर्वत्र आहे. नव्या गाड्यांत, ट्रॅक्टरांत, फोनमध्ये, आणि वाचकहो, आपल्या ई-पुस्तकांतही.

या कुलपाचा कायदेशीर आधार कोणता हे आमच्या सहकाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. तो आधार आहे कॉपीराइटचा. अमेरिकेत गाडीतली संगणक-आज्ञावली कायद्याच्या दृष्टीने 'साहित्यकृती' ठरते. ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डीअरने तेथील कॉपीराइट कार्यालयापुढे असे मांडले की यंत्र विकत घेणाऱ्याला आतल्या आज्ञावलीचा केवळ वापराचा परवाना मिळतो, यंत्र चालेल तोवर. मालकाला स्वतःच्या गाडीची आज्ञावली दुरुस्तीसाठी वा फेरफारासाठी उघडू देण्याची सवलत २०१५ मध्ये मिळाली ती कोणी दिली? वाहतूक खात्याने नव्हे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ग्रंथपालाने! आणि दर तीन वर्षांनी तिचा फेरविचार होतो.

आपल्याकडे वेगळे नाही. या गाड्या भारतात जवळजवळ आल्याच नाहीत (२०१६ च्या डिसेंबरात निसानने आर-३५ सुमारे दोन कोटींना आणली होती, तेवढीच), पण कायदा आलेला आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात 'साहित्यकृती'ची जी व्याख्या आहे तीत संगणक-आज्ञावली आहेत आणि तक्तेही आहेत. म्हणजे तो सोळा गुणिले सोळा घरांचा तक्ता भारतीय कायद्यानुसार साहित्यात मोडतो. फक्त आमच्या अभ्यास मंडळांनुसार मोडत नाही. दुसऱ्या बाजूला, केरळमधून आलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ चा अर्थ लावताना स्पष्ट केले की, निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येणार नाही. सुरक्षेचा हेतू आम्हाला मान्य आहे. पण 'निर्मात्याने मुळात नमूद केलेले' या शब्दांना कायद्याचे बळ मिळते तेव्हा पंधरा वर्षे छापलेला तो २८० चा आकडाही आठवावा. नमूद केलेले आणि असलेले या दोहोंतली फट शोधणे हाच तर आमचा व्यवसाय आहे.

विशेष म्हणजे त्याच कॉपीराइट अधिनियमाच्या त्याच क्रमांकाच्या कलमात, म्हणजे कलम ५२ मध्ये, १९९९ साली संसदेने एक भर घातली. आज्ञावलीमागील कल्पना आणि तत्त्वे समजून घेण्यासाठी तिचे निरीक्षण, अभ्यास वा परीक्षण करणे हा तिच्या कायदेशीर धारकाने केलेला भंग समजला जाणार नाही, असे तेथे म्हटले आहे. संसदेने दिलेली ही अभ्यासाची मुभा मराठी विभागांच्या संशोधन समित्यांनीही द्यावी, एवढीच आमची मागणी आहे.